जंगलातल्या बुटक्यांचा आवाज

शनिवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता झार्को उठला. हातातला कागद त्याने टेबलावर पालथा ठेवला, खिळ्यावरचा कोट काढला, मफलर गळ्याभोवती नीट गुंडाळला आणि दार ओढून घेऊन निघून गेला. अंगणातल्या बर्फावर त्याची पावलं फाटकापर्यंत वाजत गेली. मग कडी वाजली.

मागे तिघं उरले. यजमान बोर्को, औषधाच्या दुकानातली सांदा आणि बस चालवणारा व्लादा. टेबलावर जंगलाचा मोठा नकाशा पसरलेला होता, त्याच्या कडेला खारे पाव आणि लोणच्याची वाटी. झार्कोच्या जागेसमोर त्याचे काळे फासे तसेच पडून होते.

"येईल परत," व्लादा म्हणाला. "फासे इथेच आहेत त्याचे."

"किंवा त्याला ते नको असतील," सांदा म्हणाली.

 बोर्को त्या पालथ्या कागदाकडे बघत होता. कागद त्यानेच लिहिलेला होता.

त्या टेबलावर एक नियम होता, कुणी कधी न लिहिलेला आणि कधी न मोडलेला. दुसऱ्याच्या फाशांना हात लावायचा नाही. फासा जमिनीवर पडला तरी ज्याचा त्याने वाकून उचलायचा. खेळ सोडणाराही आपले फासे आपणच घेऊन जातो. पूर्वी त्यांच्यात पाचवा एकजण होता. एका शनिवारी त्याने खेळ संपल्यावर फासे खिशात टाकले, तेव्हा तो कायमचा जर्मनीला चालला आहे हे त्याने सांगण्याआधीच सगळ्यांना कळलं होतं. फासे मागे टाकून मात्र आजवर कुणी गेलं नव्हतं. त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

खेळ तसा साधा. एकजण सूत्रधार होतो. तो जग उभं करतो, डोंगर, नद्या, शत्रू, हवापाणी सगळं त्याच्या ताब्यात. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात आणि ते पात्र काय करतं, काय बोलतं, हे सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. झ्रेन्यानिन नावाच्या गावातल्या या टेबलावर सूत्रधार कायम बोर्को. दिवसा तो जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा आणि शनिवारी अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात, जिथे मिरच्या भाजायच्या आणि लोणची घालायची, तिथे बसून नसलेल्या देशांचे नकाशे काढायचा. सांदा लांबकानी झाली होती. ही उंच, गर्विष्ठ, ताऱ्यांची भाषा जाणणारी जमात. व्लादाने वीतभऱ्यांपैकी एकजण घेतला होता, बिळात राहणारा, कमरेइतक्या उंचीचा उचल्या. खरा व्लादा दारातून आत यायचा तो मान वाकवून, म्हणून हा विनोद वीस वर्षं पुरला.

झार्को पहिल्या दिवसापासून बुटका होता. डोंगराच्या पोटात राहणारा, दाढीवाला, लोखंडाचा कारागीर. नाव कामेन्को.

कामेन्कोचा आवाज म्हणजे झार्कोचाच आवाज, आणि झार्कोचा आवाज म्हणजे गावाचा. फुटबॉलच्या मैदानावर गोल झाला की तोच नाव पुकारायचा. शरदातल्या जत्रेत हरवलेली मुलं त्याच्याच आवाजाने सापडायची. बस-स्थानकावरची सगळी सूचनाफीत त्याने एका दुपारी बोलून दिली होती. टेबलावर लढाई सुरू झाली की तो खुर्ची मागे ढकलून उभा राहायचा आणि गर्जायचा, "दार उघडा, नाहीतर डोंगर उघडतो!" आणि शेजारच्या पेरिशाचा कुत्रा भुंकायला लागायचा. मग पेरिशा कुंपणापलीकडून ओरडायचा, "दार उघडं आहे रे बाबा, ये आणि या कुत्र्याला तूच झोपव!"

तो बोर्कोचा कूम होता. हाक मारताना कुमाला 'कुमे' म्हणतात, त्याच्या बायकोला 'कुमा'. लग्नात शेजारी उभा राहिलेला, नंतर मुलीचं नाव ठेवलेला. मुलाचं नाव ठेवायचा हक्क कुमाचा असतो. ते आधी कुणाला सांगायचं नसतं, आईबापांनाही नाही. झार्कोने चर्चमध्ये "नेदा" हा शब्द असा उच्चारला होता की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पुढे सरकल्या. बोर्कोला तोवर दुसरंच कुठलंतरी नाव हवं होतं. त्या क्षणापासून मात्र मुलगी नेदाच होती.

मागच्या उन्हाळ्यात झार्कोचा घसा बसला तो उठलाच नाही. ऑक्टोबरमध्ये स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बोर्को इस्पितळात त्याच्यापाशी बसला होता. झार्कोकडे उरला होता तो नुसता खरवडल्यासारखा आवाज.

"वीस वर्षं मला बर्फातून आणि खाणींतून फिरवतोयस, कुमे," तो म्हणाला. "गारठलो मी. पुढचा खेळ उबेत मांड. जंगलात."

"जंगलात? बुटक्याला जंगलात काय करायचंय?"

"बघू की. आपण दोघं बघू."

त्याच्या गळ्यातून बोर्कोने ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

ऑपरेशन झालं. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधोमध एक भोक आलं. आता तो तिथूनच श्वास घ्यायचा. डॉक्टरांनी त्याला एक यंत्र दिलं, दाढी करायच्या मशीनएवढं. ते गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की घरघरणारा, एकसुरी, धातूसारखा आवाज निघतो. झार्कोने ते एकदाच बाजारात वापरलं. भाजीवाली इतकी दचकली की तिच्या हातातला बटाटा खाली पडला. मग ती ओशाळून जास्तच गोड बोलू लागली. ते त्याला दचकण्यापेक्षा वाईट वाटलं असावं. त्यानंतर यंत्र कुणाला दिसलं नाही. तो पाटीवर लिहायचा. बस-स्थानकाच्या बाजूने जाणंही त्याने सोडलं.

हे सगळं बोर्कोला माहीत होतं. म्हणूनच त्याने जे केलं ते केलं.

तो हिवाळाभर जंगल रचत राहिला. त्याची बायको व्हिएन्नाला नेदाकडे गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. कचेरीतून आला की तो उन्हाळी स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. झाडं, नद्या, साप यांचं काही अवघड नव्हतं. अडचण होती जमातींची. थंड देशात वाढलेल्या जमाती दमट देशात न्यायच्या म्हणजे नुसते कपडे बदलून भागत नाही. त्यांचं खाणं, घर, देव, भीती, सगळंच बदलतं.

लांबकाने ताऱ्यांवर जगणारे. जंगलात आभाळ कुठे दिसतं? त्यांना त्याने झाडांच्या शेंड्यांवर नेलं. रात्री ते फांद्यांच्या टोकाला येऊन बसतात, आणि ज्याला वय झाल्यामुळे चढता येत नाही त्याने खाली अंधारात आठवणीने तारे मोजायचे. वीतभऱ्यांची बिळं पहिल्याच पुरात वाहून गेली असती. त्यांना त्याने सुगरणीसारखी विणलेली, पाण्यावर लोंबणारी घरटी दिली.

राहिले बुटके. डोंगर नाही, दगड नाही. लोखंड आठवड्यात गंजतं, दाढीला बुरशी लागते. बोर्को त्यांच्यावर अडून बसला तो पंधरवडाभर. त्याने त्यांना प्रचंड झाडांच्या मुळांखालच्या पोकळ्यांत ठेवलं. लोखंडाच्या जागी कठीण लाकूड आणि काचेसारखा काळा दगड दिला. तरीही काहीतरी अपुरं वाटत होतं. कारण बुटक्याचं नाव घेतलं की त्याच्या कानात झार्कोचा आवाज यायचा, आणि तो आवाज आता नव्हता.

मग एके संध्याकाळी त्याला सुचलं. पोकळ्यांमधल्या हवेत बुरशीचे कण. बुटक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते श्वासातून घेतले आणि त्यांचे गळे गेले. आता ते गळ्याला झाडाच्या सालीची पट्टी बांधतात आणि मुळांवर ठोकून बोलतात. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे थांब. पुढे लांब ठोके, आखूड ठोके, अख्खी भाषा. आणि जंगलातल्या सगळ्या जमातींना ती समजते, कारण मुळं सगळीकडे पोचलेली असतात. आता झार्कोला टेबलावर बोटांनी ठोकता येईल. पाटी नको, यंत्र नको, लाजायला नको. बोर्कोने ते रात्री परत वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. आपण काहीतरी चांगलं केलं आहे, अशी त्याची खात्री होती. त्याने ते कुणालाही दाखवलं नाही. झार्कोलाही नाही. त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी त्याने चूल पेटवली नाही. धुराने झार्कोला ढास लागते म्हणून विजेची शेगडी आणून ठेवली. झार्को सगळ्यांच्या आधी आला. बारीक झाला होता, पण दाढी कोरून, इस्त्रीचा शर्ट घालून. नेवेंकाने, त्याच्या बायकोने, दिलेले पाव त्याने टेबलावर ठेवले, फासे पिशवीतून काढले आणि अंकांच्या क्रमाने मांडले. तो नेहमी असेच मांडायचा. उजवा हात त्याने कोटाच्या खिशात घातला आणि तिथेच ठेवला.

"काय रे, गार वाटतंय?" बोर्कोने विचारलं. झार्कोने मान हलवली. कोट काढून खिळ्याला टांगला, पण त्याआधी खिशातलं काहीतरी पँटच्या खिशात सरकवलं. बोर्कोने ते पाहिलं आणि रुमाल असेल म्हणून सोडून दिलं.

सांदा आणि व्लादा आले. व्लादाने खुर्चीत बसल्या बसल्या सुरुवात केली.

"हं, सूत्रधार, जंगल तर जंगल. पण सांगून ठेवतो, मला डास चावला तर मी खेळ सोडला."

"तू वीतभर आहेस. तुला डास उचलून नेईल," सांदा म्हणाली.

"तुझी ती महाराणी? तिचे कान बुरशीने गळून पडतील आधी."

झार्को हसला. त्याच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

बोर्कोने जंगल सांगितलं. चांगलं सांगितलं, हे नंतर सांदा आणि व्लादा दोघांनीही कबूल केलं. मग त्याने एकेकाच्या हातात त्याच्या जमातीचा कागद दिला. सांदाने तिचा वाचला आणि म्हातारे अंधारात तारे मोजतात त्या ओळीशी थांबून म्हणाली, "हे छान आहे रे." व्लादाने घरट्यांबद्दल वाचलं.

"म्हणजे मी आता चिमणा? वीस वर्षं उंदीर होतो, आता बढती मिळाली म्हणायची."

झार्कोने अजून त्याचा कागद उलटला नव्हता. तो सरळ बसला होता. डावा हात मफलरच्या गाठीवर, उजवा पँटच्या खिशात. त्याने घसा खाकरल्यासारखं केलं, जो आता खाकरता येत नव्हता, आणि बोर्कोकडे पाहिलं. काहीतरी करायच्या बेतात असलेला माणूस बघतो तसं.

"वाच ना," बोर्को म्हणाला. "तुझं सगळ्यात जास्त मेहनतीने केलंय. तुला बोलायची गरजच नाही, कुमे. मी सगळं नियमात बसवलंय."

झार्कोचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. त्याने कागद उचलला.

तो हळू वाचत होता. व्लादाने मान लांब करून त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि त्याचा चेहरा पडला, तरी तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. "अरे वा, ठोकून बोलायचं. मग मी दारू मागितली की किती ठोके?"

कुणी हसलं नाही. सांदाने हात पुढे केला, झार्कोच्या हातातला कागद तिरका करून दोन ओळी वाचल्या आणि हात मागे घेतला. गळ्याला सालीची पट्टी. टेबलाच्या पलीकडे झार्कोच्या गळ्याला मफलर.

बोर्को अजून वाट बघत होता. झार्कोचे डोळे भरतील, तो उठून मिठी मारेल, निदान एक ठोका देईल, असं त्याला वाटत होतं. झार्को उठला. तेव्हा सव्वासहा वाजले होते.

"तू त्याला विचारलं होतंस?" फाटकाची कडी वाजल्यावर सांदा म्हणाली.

"त्याला आश्चर्य वाटावं म्हणून..."

"वाटलं."

"सांदा, तो यंत्र वापरत नाही. तुला माहीत आहे. मी त्याला सोपं करून दिलं."

"तू त्याचा आजार त्याच्या हातात लिहून दिलास. वर सांगितलंस की त्याच्या अख्ख्या जमातीला तोच आहे." तिने चष्मा काढून पुसला. "सूत्रधाराचा हक्क जगावर. पात्र काय बोलणार ते खेळणारा सांगणार. हे तूच आम्हाला शिकवलंस. पहिल्याच शनिवारी."

"भांडू नका रे," व्लादा म्हणाला. त्याने वाटीतली एक मिरची उचलली आणि परत ठेवली. "मीच काहीतरी बरळलो."

"तुझ्यामुळे नाही," सांदा म्हणाली.

ती दोघं गेल्यावर बोर्कोने टेबल आवरलं. नकाशाची गुंडाळी करायला गेला आणि थांबला, कारण फासे नकाशाच्या कोपऱ्यावर होते. त्याने नकाशा तसाच राहू दिला.

रविवारी दुपारी तो झार्कोच्या घरी गेला. फाटक नेवेंकाने उघडलं, पण त्यातून बाजूला झाली नाही. आत रेडिओ मोठ्याने लावलेला होता.

"तो आहे ना, कुमा?"

"आहे. भेटायचं नाही म्हणतो."

"म्हणजे लिहितो."

"म्हणतो," नेवेंका म्हणाली. "मला म्हणतो. दोन महिने झाले."

बोर्कोला कळलं नाही.

"कोठीत बसतो दार लावून. बरण्यांमध्ये. यंत्र घेऊन," ती म्हणाली. "आधी मला वाटलं फ्रीज बिघडला, इतकी घरघर. मग शब्द ऐकू यायला लागले. एकच वाक्य, कुमे. दार उघडा, नाहीतर डोंगर उघडतो. सकाळी तेच, जेवणानंतर तेच. 'डोंगर' नीट येत नव्हतं, ड अडकायचा. मी बाहेरून सांगायची, आता आलं, आता नाही आलं."

"त्याने मला का नाही..."

"तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता." नेवेंकाने एप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते. "नातवंडांसमोर बोलत नाही. माझ्या भावासमोर नाही. म्हणाला, पहिल्यांदा तिथे बोलेन. तिथे मी झार्को नसतो, तिथे कसाही आवाज चालतो. आणि जंगलासाठी त्याने शोधून काढलं होतं. रातकिडे. म्हणे जंगलात गेल्यावर बुटक्यांना दगडाचा प्रतिध्वनी मिळेना, तेव्हा ते रातकिड्यांकडून बोलायला शिकले. म्हणून त्यांचा आवाज असा किरकिरतो. आणि एकदम हजार बुटके बोलायला लागले की शत्रूला वाटतं, अख्खं जंगलच चालून आलं. मला सांगताना असा हसला, कुमे. किती दिवसांनी हसला." ती थांबली. "शर्टाला त्याने स्वतः इस्त्री केली होती."

आत रेडिओचा आवाज आणखी मोठा झाला.

"त्याला सांग..." बोर्को म्हणाला.

"तूच सांग," नेवेंका म्हणाली. "पण आज नको."

घरी येऊन त्याने बुटक्यांचा कागद फाडला आणि नवा घेतला. जुन्या सवयीने हात भराभर चालू लागला. मुळांखालच्या पोकळ्या, दगडाचा प्रतिध्वनी नाही, रातकिडे. त्याने अर्धं पान लिहिलं. चांगलं उतरत होतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो परत तेच करतो आहे. या वेळी तर झार्कोचीच कल्पना उचलून, तीही त्याने न सांगितलेली. त्याने तो कागदही फाडला. इस्पितळात झार्को म्हणाला होता, आपण दोघं बघू. हिवाळाभर ते बोलणं त्याच्या डोक्यात होतं, आणि त्यातलं जंगल तेवढं त्याने ऐकलं होतं.

एक कोरा कागद त्याने झार्कोच्या जागेसमोर, फाशांना धक्का न लावता, सरकवून ठेवला. मग फोनवर संदेश लिहिला. "कामेन्को कसा बोलतो ते मला माहीत नाही. तू सांग." बराच वेळ तो अंगठा फोनवर धरून बसला आणि मग पाठवला.

संदेश त्याच संध्याकाळी वाचला गेला. उत्तर आलं नाही.

पुढच्या शनिवारी तिघं जमले. खेळायचं नाही हे न बोलता ठरलेलं होतं. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. सांदाने चहा केला. व्लादा झार्कोच्या खुर्चीशेजारून वळसा घालून गेला, जणू तिथे कुणी बसलेलं होतं. कुंपणापाशी पेरिशा आला आणि त्याने विचारलं, "काय हो, तुमचा तो डोंगरवाला येत नाही का हल्ली? कुत्रा सहा वाजले की कान टवकारून बसतो." कुणी उत्तर द्यायच्या आत बोर्कोचा फोन वाजला. नेवेंकाचा होता.

तपासणीत मानेच्या डाव्या बाजूला गाठ सापडली होती. मंगळवारी नोवी सादच्या इस्पितळात दाखल व्हायचं. पुढे काय ते तिथले डॉक्टर ठरवतील.

"गाडीने मी नेतो," बोर्को म्हणाला.

"बसने जायचं म्हणतो," नेवेंका म्हणाली. "मीही म्हटलं, कुमाला सांगूया. नको म्हणाला."

"संदेशाबद्दल काही बोलला?"

"रोज वाचतो," ती म्हणाली. "बोलला काही नाही. यंत्राला शुक्रवारी परत चार्जिंगला लावलं होतं. एवढं मी पाहिलं."

बोर्कोने फोन ठेवला आणि दोघांना सांगितलं. सांदाने फाशांकडे पाहिलं.

"त्याला तिथे नेऊन द्यायचे का?" तिने विचारलं. मग आपणच म्हणाली, "नाही. हात कोण लावणार."

"मंगळवारची पहिली गाडी माझी आहे," व्लादा म्हणाला.

मंगळवारी दुपारी व्लादा नोवी सादहून परतला आणि गाडी आगारात लावून थेट बोर्कोच्या घरी आला. टोपी हातात घेऊन, मान वाकवून तो आत शिरला आणि उभ्यानेच सांगू लागला.

झार्को आणि नेवेंका वेळेच्या आधीच स्थानकावर आली होती. झार्कोच्या हातात लहान बॅग होती, मफलर होता. गाडी फलाटाला लागली आणि वरून सूचना झाली. झार्कोचा आवाज, भरदार, तोच. नोवी सादला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया आपल्या जागा घ्याव्यात. लोक चढू लागले. झार्को चढला नाही. सूचना दुसऱ्यांदा होते, तीही पूर्ण होईपर्यंत तो मान खाली घालून फलाटावर उभा राहिला. मग चढला. पहिल्याच बाकावर, व्लादाच्या मागे बसला.

"बोलला काही?"

"नाही. मीच बडबडत होतो. रस्त्याबद्दल, खड्ड्यांबद्दल. आरशात बघत होतो. अख्ख्या वाटेत त्याचा हात कोटाच्या खिशात होता. काहीतरी धरून बसल्यासारखा."

"आणि उतरताना?"

व्लादाने टोपी मांडीवर आपटली. "तेच तर सांगायला आलो. उतरताना माझ्या मागच्या काचेवर त्याने ठोकलं. बोटाने. तसं लोक ठोकतात, बरं का, आभार म्हणून. पण तो थांबून ठोकत होता. तुझ्या त्या कागदासारखं."

"किती वेळा?"

"तेच कळलं नाही, बोर्को. मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, इंजिन चालू होतं. दोनदा किंवा तीनदा." त्याने टेबलाकडे पाहिलं. "दोन म्हणजे काय होतं?"

"नाही."

"आणि तीन?"

"थांब."

 व्लादाने स्वतःच्या बोटाने टेबलाच्या कडेवर ठोकून पाहिलं, एकदा तसं, एकदा असं. मग मान हलवली.

संध्याकाळी नेवेंकाचा फोन आला. झार्कोला खाट मिळाली होती. खिडकीजवळची. गुरुवारी सकाळी डॉक्टर बघणार होते. यंत्र त्याच्या उशाशी होतं. त्या दिवशी तो कुणाशी काही बोलला नव्हता.

उन्हाळी स्वयंपाकघरात काळे फासे नकाशाच्या कोपऱ्यावर, अंकांच्या क्रमाने, झार्कोने त्या शनिवारी मांडले तसेच होते. त्यांच्याशेजारचा कागद अजून कोरा होता.